सगळे ओब्रायन एकाच घराण्यातले का?

प्रश्न असा आला आहे: कॉलेजच्या क्विझसाठी ‘ओब्रायन’ या आयरिश आडनावावर एक अख्खी फेरी बसवायची आहे, नावं भरपूर जमली आहेत, आणि कुठेतरी वाचलं की सगळे ओब्रायन हे ब्रायन बोरू राजाचे वंशज. मग बोर्नव्हिटा क्विझवाले डेरेक ओब्रायन आणि बंगळूरला इंग्लंडची गोलंदाजी फोडून काढणारा केविन ओब्रायन हे लांबचे भाऊबंद म्हणायचे का, आणि तसा प्रश्न फेरीत घातला तर चालेल का?

तसा प्रश्न घालू नका. का ते सविस्तर सांगते. मी बरीच वर्षं ग्रंथालयाच्या संदर्भ विभागात आणि कॅटलॉगिंगमध्ये आहे. एका नावाची माणसं एकमेकांपासून वेगळी करणं आणि ज्याचं पुस्तक त्याच्याच नावावर लावणं हे माझं रोजचं काम. आयरिश आडनावं या कामात फार कस पाहतात, आणि ओब्रायन त्यातलं एक. १८९० साली आयर्लंडमधल्या जन्मनोंदींवरून आडनावांची मोजदाद झाली, तेव्हा ते देशात सहाव्या क्रमांकावर होतं. मर्फी, केली, सलिव्हन यांच्या खालोखालची ही गर्दी आहे.

तुमच्या प्रश्नात तीन प्रश्न एकत्र आले आहेत. हे आडनाव कुठून आलं? ते कोणाकोणाचं आहे? आणि त्यांच्यापैकी नात्यातले कोण? तुमच्याकडची यादी फक्त दुसऱ्याचं उत्तर देते. तिसऱ्याचं उत्तर यादीतून कधीच मिळत नाही, ते एकेका माणसाचे कागद बघूनच ठरतं.

आधी उगम. ब्रायन बोरू हा आजच्या क्लेअर परगण्यातल्या, शॅनन नदीकाठच्या डाल गाश या कुळाचा. १००२ मध्ये तो आयर्लंडचा सर्वोच्च राजा झाला आणि १०१४ च्या गुड फ्रायडेला डब्लिनजवळ क्लोनटार्फच्या लढाईत मारला गेला. थोरला मुलगा मुरखा आणि त्याचा मुलगा हेही त्याच लढाईत पडले. पुढे वंश चालला तो मुख्यतः टाइग नावाच्या दुसऱ्या मुलाकडून, आणि ब्रायनच्या नातवंडांच्या पिढीपासून ‘ब्रायनचा वंशज’ हे आडनाव म्हणून रुळलं. बहुतेक युरोपात आडनावं पक्की व्हायच्या आधीची ही गोष्ट आहे. तेव्हा आडनावाचा उगम राजघराण्यात आहे, हे तुम्ही वाचलंत ते बरोबर.

पण तिथून आजपर्यंत हजार वर्षं गेली. आपल्याकडे आडनाव भोसले म्हणजे माणूस शिवछत्रपतींच्या घराण्यातला, असं कोणी धरत नाही, तसंच हे. ब्रायन हे नाव फ्रान्समधल्या ब्रिटनीकडून आलेल्या नॉर्मन लोकांतही होतं, आणि त्यांचे वंशजही आयर्लंडमध्ये स्थायिक झाले. सतराव्या-अठराव्या शतकात इंग्रजी अंमलाखाली असंख्य कुटुंबांनी पुढचा ‘ओ’ टाकून दिला आणि नुसते ब्रायन किंवा ब्रीन झाले. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीला आयरिश भाषेच्या पुनरुज्जीवनाची चळवळ सुरू झाली, तेव्हा अनेकांनी ‘ओ’ परत लावला. मधल्या काळात नाव लिहिणारे कारकून इंग्रजी कानाने ऐकून लिहीत. त्यामुळे एकाच घरातले दोन भाऊ दोन वेगळ्या आडनावांनी सापडतात आणि दोन वेगळी घराणी एका आडनावाखाली सापडतात.

इथे एक गोष्ट लक्षात घ्या. हजार वर्षांपूर्वीच्या राजाला पुढे मुली, नाती, पणत्याही झाल्या, आणि त्या दुसऱ्या घराण्यांत गेल्या. तीस-पस्तीस पिढ्या मागे गेलं की आज आयरिश रक्त असलेला जवळपास प्रत्येकजण कुठल्या ना कुठल्या बाजूने ब्रायन बोरूपर्यंत पोचतोच, मग आडनाव मर्फी असो की केली. म्हणजे ‘वंशज’ हा शब्द सैल अर्थाने वापरला तर तो सगळ्यांना लागू पडतो आणि त्यातून काहीच कळत नाही. बापाकडून मुलाकडे अशी अखंड साखळी, असा घट्ट अर्थ घेतला तर फार थोड्यांना लागू पडतो आणि प्रत्येक कडीला पुरावा लागतो. वाय-गुणसूत्राच्या चाचण्यांत डाल गाश कुळाशी जोडली जाणारी एक खूण सापडते खरी. ओब्रायन आडनावाच्या अनेक पुरुषांत ती दिसते आणि अनेकांत दिसत नाही, आणि त्याच भागातल्या दुसऱ्या आडनावांतही ती दिसते.

अखंड साखळी दाखवता येते असं घराणं आहे, ते इंचिक्विनचं. १५४३ मध्ये मुरो ओब्रायन याने आपलं राजेपद आठव्या हेन्रीच्या स्वाधीन केलं आणि बदल्यात थोमंडचा अर्ल व इंचिक्विनचा बॅरन या पदव्या घेतल्या. जमीन आणि पदवी आली की वंशावळी आल्या, खटले आले, मृत्युपत्रं आली. कागद आपोआप जपले गेले. क्लेअरमधला ड्रोमोलंड किल्ला या घराण्याचा. १९६२ साली तो विकला गेला आणि आता तिथे हॉटेल आहे. पदवी मात्र घराण्यात आजही चालू आहे. कुळाने जमीन कसणाऱ्या कॅथलिक ओब्रायनांना असले कागद कुठून असणार? त्यांचा इतिहास साधारण १८०० च्या अलीकडे-पलीकडे थांबतो.

विल्यम स्मिथ ओब्रायन हा ड्रोमोलंडचा मुलगा, जन्म १८०३. त्याचं नाव तुमच्या यादीत असेलच, आणि माझ्या अंदाजाने तिथे गोंधळही असेल. आयर्लंडच्या सार्वजनिक जीवनात विल्यम ओब्रायन नावाची तीन मोठी माणसं होऊन गेली, आणि घाईत केलेल्या याद्यांत ती एकमेकांत मिसळलेली मी पाहिली आहेत.

पहिला हा. प्रॉटेस्टंट जमीनदार, ब्रिटिश संसदेचा सदस्य आणि तरीही ‘यंग आयर्लंड’ चळवळीचा पुढारी. दुष्काळाच्या वर्षांत, जुलै १८४८ मध्ये, टिपरेरीतल्या बॅलिंगॅरी गावी त्याने उठाव केला. एका विधवेच्या घरात शिरलेल्या पोलिसांना वेढा घालण्यापलीकडे तो उठाव गेला नाही. त्याला देहान्ताची शिक्षा झाली, ती बदलून त्याला व्हॅन डीमन्स लँडला, म्हणजे आजच्या टास्मानियाला, हद्दपार केलं. १८५४ साली सुटका झाली, १८६४ मध्ये तो वेल्समध्ये वारला. डब्लिनच्या ओकॉनेल स्ट्रीटवर त्याचा पुतळा आहे. नावातलं ‘स्मिथ’ त्याच्या आईच्या माहेरचं, आणि त्याला ओळखण्याची सगळ्यात सोपी खूण तीच.

दुसरा विल्यम ओब्रायन १८५२ चा, कॉर्क परगण्यातल्या मॅलोचा, कॅथलिक. पत्रकार, जमीन आंदोलनाचा पुढारी, ‘युनायटेड आयर्लंड’ या पत्राचा संपादक, अनेकदा तुरुंगात गेलेला. १८९८ मध्ये त्याने युनायटेड आयरिश लीग काढली. मृत्यू १९२८. तिसरा विल्यम ओब्रायन १८८१ चा, तोही कॉर्क परगण्यातलाच, क्लोनाकिल्टीचा. हा कामगार चळवळीतला, जेम्स कॉनली यांचा सहकारी, वाहतूक कामगारांच्या मोठ्या संघटनेचा पुढारी. मृत्यू १९६८. दुसऱ्या आणि तिसऱ्याचा सार्वजनिक काळ एकमेकांवर चढलेला, परगणा एक, दोघांचाही पिंड चळवळीचा. ‘कॉर्कचे पुढारी विल्यम ओब्रायन’ एवढंच लिहिलंत तर कुणाबद्दल बोलताय हे जाणकारालाही कळणार नाही. म्हणून कॅटलॉगिंगमध्ये आम्ही नावापुढे जन्म-मृत्यूची वर्षं लावतो, आणि तेवढ्याने भागलं नाही तर व्यवसाय. तुमच्या यादीतही प्रत्येक नावापुढे वर्ष आणि जन्मगाव लिहा. निम्मा गोंधळ तिथेच निवळेल.

आता नात्याबद्दल. सगळ्यात चकवणारं उदाहरण घोड्यांच्या शर्यतींतलं आहे. घोड्यांचे प्रशिक्षक व्हिन्सेंट ओब्रायन, जन्म १९१७, मूळ कॉर्कचे. १९५३, ५४ आणि ५५ अशी सलग तीन वर्षं त्यांनी तीन वेगळे घोडे तयार करून ग्रँड नॅशनल ही अडथळ्यांची शर्यत जिंकली, आणि पुढे सपाट शर्यतींकडे वळून एप्सम डर्बी सहा वेळा जिंकली. टिपरेरीतलं बॅलिडॉयल हे त्यांचं प्रशिक्षण केंद्र. ते निवृत्त झाल्यावर तिथे एडन ओब्रायन आले. जन्म १९६९, वेक्सफर्डचे, तेही जागतिक कीर्तीचे प्रशिक्षक. तीच जागा, तोच व्यवसाय, तेच आडनाव. बाहेरचा कुणीही त्यांना बापलेक नाहीतर काका-पुतणे समजेल. प्रत्यक्षात दोघांचं काही नातं नाही.

पण बॅलिडॉयलमध्ये नातं आहे, आणि ते वेगळ्याच आडनावाखाली आहे. तिथला कारभार ज्यांच्याकडे आला ते जॉन मॅग्निअर हे व्हिन्सेंट यांचे जावई. आडनावाची यादी केलीत की एडन येतात, जे नात्यातले नाहीत, आणि मॅग्निअर गळतात, जे घरातले आहेत. मुलीकडून जाणारं नातं आडनावाच्या यादीत दिसतच नाही. एडन यांचं स्वतःचं घराणं मात्र आता उभं राहिलंय. त्यांचा मुलगा जोसेफ याने २०१२ मध्ये वडिलांनी तयार केलेल्या कॅमलॉटवर डर्बी जिंकली. प्रशिक्षक बाप आणि जॉकी मुलगा अशी डर्बी जिंकणारी ती पहिली जोडी. नात्यावरचा प्रश्न हवाच असेल तर हा घ्या. याला पुरावा आहे.

लेखिकांमध्येही अशीच एक भुरळ पडते. केट ओब्रायन १८९७ ची, लिमरिकची. एडना ओब्रायन १९३० ची, शेजारच्याच क्लेअर परगण्यातल्या टूमग्रेनीची. दोघींच्या कादंबऱ्यांवर आयरिश सेन्सॉरने बंदी घातली. केट यांच्या १९४१ च्या कादंबरीवर तर केवळ एका वाक्यापायी, आणि एडना यांच्या १९६० मधल्या पहिल्याच कादंबरीवर. एडना २०२४ मध्ये लंडनला वारल्या आणि त्यांना लॉक डर्ग तळ्यातल्या इनिश केल्ट्रा बेटावर पुरलं. हे बेट ब्रायन बोरूच्या मुलखातलं, त्याचा भाऊ तिथल्या मठाचा प्रमुख होता. एवढं सगळं जुळून आल्यावर ‘राजाच्या वंशातली लेखिका राजाच्या भूमीत परतली’ असं लिहायचा मोह कुणालाही होईल. त्या मुलखात ओब्रायन आडनावाची माणसं गल्लोगल्ली आहेत. गाव जुळलं, आडनाव जुळलं, म्हणजे वंशावळ जुळली असं होत नाही. दोघींची आठवण त्यांच्या लेखनासाठी आणि त्यांनी सोसलेल्या बंदीसाठी काढावी, त्याला राजघराण्याचा टेकू कशाला हवा?

मग ती माणसं, ज्यांच्याकडे हे आडनाव जन्माने आलेलंच नाही. कॅटलॉगिंग करणाऱ्याला यांची नोंद सगळ्यात जपून करावी लागते. फ्लॅन ओब्रायन हे विसाव्या शतकातल्या आयरिश साहित्यातलं केवढं तरी मोठं नाव, पण तो माणूस होता ब्रायन ओनोलन, १९११ साली टायरोनमधल्या स्ट्रबेनला जन्मलेला, डब्लिनमधला सरकारी नोकर. कादंबऱ्या एका टोपणनावाने, वर्तमानपत्रातलं सदर दुसऱ्याच. पॅट्रिक ओब्रायन हे नेपोलियनच्या काळातल्या आरमारावर लिहिणारे कादंबरीकार. त्यांना वाचक अनेक वर्षं आयरिश समजत. ते जन्मले इंग्लंडमध्ये, रिचर्ड पॅट्रिक रस या नावाने, आणि १९४५ मध्ये त्यांनी कायदेशीररीत्या नाव बदललं. इंग्रजीत त्यांच्या आडनावाच्या शेवटच्या अक्षराआधी ‘ए’ आहे, ‘ई’ नाही. देवनागरीत हा फरक पुसला जातो, म्हणून मराठी याद्यांत ते हमखास बाकीच्यांत जाऊन बसतात. रिचर्ड ओब्रायन, रॉकी हॉरर या संगीतिकेचे कर्ते, जन्माने रिचर्ड स्मिथ. त्या नावाचा नट आधीच होता, म्हणून त्यांनी आजीचं आडनाव घेतलं. इथे आडनाव स्त्रीकडून आलं, आणि तेही निवडून.

आणि डॅन ओब्रायन. १९९६ च्या अटलांटा ऑलिंपिकमधला डेकॅथलॉनचा सुवर्णपदक विजेता, त्याआधी तीन वेळा विश्वविजेता. आफ्रिकन-अमेरिकन वडील, फिनिश वंशाची आई. लहानपणीच ओरेगनमधल्या ओब्रायन कुटुंबाने त्याला दत्तक घेतलं. आडनाव पूर्णपणे त्याचंच, कुणाहीइतकं हक्काचं. ब्रायन बोरूशी रक्ताचा संबंध जोडणारा माणूस इथे काय करणार? म्हणून माझं सांगणं एकच आहे: यादीत प्रत्येक नावासमोर एक रकाना ठेवा, ‘हे आडनाव याच्याकडे कसं आलं’. जन्माने, दत्तक म्हणून, लग्नाने, टोपणनाव म्हणून की निवडून. हा रकाना भरायला बसलात की तुमची फेरी आपोआप खोल होईल.

आता डेरेक आणि केविन. डेरेक हे कोलकात्याच्या अँग्लो-इंडियन कुटुंबातले. त्यांचे वडील नील ओब्रायन भारतातल्या क्विझचे जनक मानले जातात, १९६७ मध्ये कोलकात्यात त्यांनी घेतलेली स्पर्धा देशातली पहिली जाहीर क्विझ म्हणून सांगितली जाते. पुढे ते लोकसभेवर नियुक्त अँग्लो-इंडियन सदस्यही होते. क्विझ घेणाऱ्याला हे घराणं माहीत असायलाच हवं. केविन डब्लिनचा. वडील ब्रेंडन आयर्लंडकडून क्रिकेट खेळले, थोरला भाऊ नील हा यष्टिरक्षक. २ मार्च २०११ रोजी चिन्नास्वामी स्टेडियमवर आयर्लंड ५ बाद १११ असताना केविन उभा राहिला, ५० चेंडूंत शतक केलं, आणि ३२८ चं लक्ष्य संघाने गाठलं. २०१८ मध्ये आयर्लंडचं पहिलं कसोटी शतकही त्याचंच. आडनावाखेरीज या दोन घरांना जोडणारा धागा नाही. पण दोन्ही घरांत एकेक नील आहे. देवनागरीत दोन्ही बरेचदा सारखेच लिहिले जातात, इंग्रजीत स्पेलिंग वेगळं. तिथे जपा.

आयरिश आडनावं भारतात आली ती बरीचशी सैन्याबरोबर. १८३० च्या सुमारास ब्रिटिश सैन्यात दर पाचांत दोन शिपाई आयरिश होते. मुंबई इलाख्यातल्या छावण्यांतही ते होते. कुणाला अशा कुटुंबाचा माग काढायचा असेल, तर इलाख्यातल्या युरोपीय लोकांच्या बाप्तिस्मा, लग्न आणि दफन यांच्या नोंदींच्या प्रती लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीत आहेत. शिपायाच्या सेवामुक्तीच्या कागदावर बहुतेकदा जन्माचा पॅरिश, म्हणजे चर्चचा इलाका, लिहिलेला असतो. तो मिळाला तरच आयर्लंडमधला शोध सुरू करता येतो. नुसत्या आडनावावर तिकडे जाऊन हाती काही लागत नाही.

आयर्लंडमधलं शोधाचं काम कसं चालतं तेही थोडं सांगते. जून १९२२ मध्ये यादवी सुरू झाली तेव्हा डब्लिनच्या फोर कोर्ट्समधलं सार्वजनिक दफ्तर जळालं. १८२१ ते १८५१ च्या जनगणनांचे बहुतेक कागद त्यात गेले, आणि १८६१ ते १८९१ च्या सरकारनेच आधी नष्ट केल्या होत्या. त्यामुळे १९२२ च्या आधीच्या जनगणनांपैकी १९०१ आणि १९११ या दोनच पूर्ण उरल्या आहेत. त्या आयर्लंडच्या राष्ट्रीय अभिलेखागाराने इंटरनेटवर फुकट ठेवल्या आहेत. त्यामागे १८४७ ते १८६४ ची ग्रिफिथची जमीन-आकारणी, पण तिच्यात फक्त कुटुंबप्रमुखाचं नाव. कॅथलिक पॅरिशच्या वह्या राष्ट्रीय ग्रंथालयाच्या संकेतस्थळावर, साधारण १८८० पर्यंतच्या. सगळ्यांच्या जन्म-मृत्यूची सरकारी नोंद १८६४ पासून.

या जन्मनोंदींत एक रकाना आहे ज्याच्यावर माझा सगळ्यात जास्त भरवसा आहे: आईचं माहेरचं आडनाव. पहिल्या मुलाला बापाच्या बापाचं नाव, दुसऱ्याला आईच्या बापाचं, अशी तिकडे रीत होती. त्यामुळे चार भावांच्या घरी चार पॅट्रिक ओब्रायन, सगळे एकाच आजोबांच्या नावाचे, एकाच वाडीत, वयात दोन-तीन वर्षांचं अंतर. बापाचं नाव बघून ते वेगळे करता करता पुरेवाट होते. आईचं माहेर बघितलं की एका क्षणात सुटतात. एक हेगार्टीच्या पोटचा, एक मकमाहनच्या. गावातले लोकही अशा घरांना टोपणनावं लावून ओळखत, पण ती टोपणनावं वह्यांत क्वचितच उतरतात.

किती खोलात जायचं हे अर्थातच कामावर अवलंबून आहे. क्विझला जन्मवर्ष, गाव आणि तो एक रकाना पुरे. कोशातली नोंद लिहायची असेल तर दोन स्वतंत्र आधार हवेत. स्वतःच्या घराण्याचा शोध असेल तर आजच्या माणसापासून एकेक पिढी मागे जावं लागतं, राजापासून खाली उतरता येत नाही. मराठीत शोधताना ओब्रायन, ओ’ब्रायन, ओब्रियन, ओ ब्रायन अशी सगळी रूपं टाकून बघा, कारण आपल्या वर्तमानपत्रांत एकच माणूस या चारही रूपांनी छापलेला असतो. आयरिशमध्ये बाईचं आडनाव वेगळ्या रूपात येतं, नी व्रियन किंवा ई व्रियन, तेही शोधात धरा.

फेरीसाठी माझी निवड सांगते. बॅलिडॉयलचे दोन ओब्रायन आणि जावई, हा एक प्रश्न. तीन विल्यमांची छायाचित्रं देऊन वर्षं जुळवायला लावा, हा दुसरा, आणि तो अवघड जाईल. फ्लॅन, पॅट्रिक आणि रिचर्ड ही तीन नावं देऊन त्यांच्यात समान काय ते विचारा. डॅन ओब्रायनवर डेकॅथलॉनचा प्रश्न. डेरेक आणि केविन यांच्यावर दोन स्वतंत्र प्रश्न ठेवा, बंगळूरचा आणि कोलकात्याचा. ब्रायन बोरूचा प्रश्न घ्यायचाच असेल तर तो कोणत्या लढाईत मारला गेला एवढंच विचारा.